इमर्सिव्ह कलेचा उन्हाळी वर्ग: पहिले दहा दिवस हेडसेट कपाटात ठेवावेत का?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकमध्ये दृश्यकला शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात येथील एका विद्यापीठाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इमर्सिव्ह माध्यमकलेचा सहा आठवड्यांचा वर्ग भरवला होता आणि मार्गदर्शकांपैकी एक म्हणून मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या प्रदर्शनापर्यंत तेथे होतो. यंदा वर्ग पुन्हा व्हायचा आहे आणि त्याची आखणी माझ्याकडे आली आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चित्र किंवा चित्रपट पाहताना प्रेक्षक चौकटीच्या बाहेर असतो. इमर्सिव्ह कलाकृतीत तो आत उभा असतो. मान वळवली की दृश्य वळते, पाऊल टाकले की जवळचा खांब सरकतो आणि पाठीमागची हाक पाठीमागूनच ऐकू येते. हे हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा पडदा, लावून साधता येते, तसेच खोलीच्या भिंतींवर चहूबाजूंनी प्रक्षेपण करूनही साधता येते. दोन्ही वाटा विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतूनच निघाल्या आहेत. इव्हान सदरलँड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवण्याचा जो पडदा तयार केला, तो छताला टांगावा लागत असे. आणि १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात ‘केव्ह’ नावाची प्रक्षेपणाची खोली उभी राहिली, तिच्यामागे कलावंत आणि संगणकतज्ज्ञ असे दोघेही होते.

आमच्याकडे वीस विद्यार्थी होते: आठ कलाशाखेचे, सात संगणकाचे, उरलेले संगीत, वास्तुकला आणि वृत्तपत्रविद्येचे. पाच हेडसेट, तीन प्रोजेक्टर, एक ३६० अंशांचा कॅमेरा आणि उसना आणलेला एक मायक्रोफोन, एवढीच सामग्री होती. चार श्रेयांकांचा वर्ग होता, म्हणजे एका श्रेयांकाला तीस तास या हिशेबाने एकूण १२० तास.

आमची चूक पहिल्याच सकाळी झाली. उद्घाटन होताच आम्ही हेडसेट वाटले. मुले हरखून गेली, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत प्रत्येक गटाने इंटरनेटवरून तयार डोंगर, तयार झाडे आणि तयार आकाश उतरवून घेतले होते. शेवटच्या प्रदर्शनात सात कलाकृती होत्या; त्यांपैकी पाचांमध्ये प्रेक्षक कशाच्या ना कशाच्या वरून उडत होता. त्यांतील एक कलाकृती रामकुंडाची होती. तंत्राच्या दृष्टीने ती सर्वांत सफाईदार होती, पायऱ्या अचूक होत्या, पाण्यावर प्रकाश चमकत होता. पंचवटीतून आलेल्या एका आजींनी हेडसेट लावला, दोन मिनिटे शांतपणे पाहिले, मग तो काढून हातात धरला आणि विचारले, “बाळांनो, हे पाणी कोणीकडे वाहतं?”

कोणालाही उत्तर देता आले नाही, कारण ते पाणी कोणीकडेच वाहत नव्हते, जागच्या जागी चमकत होते. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणवाहिनी होते, म्हणून लोक दूरदूरहून अस्थी घेऊन तेथे येतात. आजींच्या दृष्टीने प्रवाहाची दिशा हेच रामकुंड होते. आम्ही सहा आठवडे रामकुंडापासून दोन-तीन किलोमीटरवर बसलो होतो आणि आमच्यापैकी कोणी तेथे जाऊन तासभर पाणी पाहिले नव्हते. विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. त्यांना तेथे नेणे हे माझे काम होते.

म्हणून यंदा पहिले दहा दिवस हेडसेट कपाटात कुलूपबंद ठेवावेत, असा माझा विचार आहे. त्या दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्याने गोदाघाटावरची एकच जागा निवडावी आणि तेथे पहाटे, भर दुपारी आणि दिवेलागणीला बसावे. साठ सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर उंच कागदावर त्याने आपल्याभोवतीचे सगळे रेखाटावे. ३६० अंशांचे चित्र सपाट पसरले की ते रुंदीला ३६० आणि उंचीला १८० अंश, म्हणजे दोनास एक या प्रमाणात येते. या कागदावर एक सेंटीमीटर म्हणजे सहा अंश. माथ्यावरचे आकाश आणि पायाखालची पायरी ताणून विचित्र होते, ते का होते हे हाताने काढल्याशिवाय कळत नाही. शिवाय डोळे बांधून तांबट आळीतून चालावे आणि आवाजांची वही ठेवावी.

सहकाऱ्यांपैकी काहींना हे वेळ घालवणे वाटते. येथील जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

पहिल्या तुकडीतली

सर, मी त्याच रामकुंडाच्या गटात होते. आपण दोष दिला नाहीत, तरी पाण्याचे काम माझेच होते, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे.

आजींच्या प्रश्नाबद्दल आपण लिहिले ते सर्व खरे आहे. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. तरीही दहा दिवस हेडसेटला हात लावायचा नाही, याला माझा विरोध आहे. मी संगणकाची विद्यार्थिनी आहे. मला आधी कोणी घाटावर बसवले असते, तर मी पुष्कळ फोटो काढले असते आणि तेवढ्यावरच थांबले असते, कारण काय पाहायचे हेच मला ठाऊक नसते. हेडसेटमध्ये एकदा उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा कळले की खाली पाहिले तर माझे पाय दिसत नाहीत, पायरीची उंची चार बोटे चुकली तरी गुडघ्याला ते जाणवते, आणि मागे काही नसेल तर पाठ उघडी पडल्यासारखी वाटते. हे प्रश्न मनात घेऊन घाटावर गेले असते, तर मी पायऱ्या मोजल्या असत्या आणि पाणीही पाहिले असते.

माझी सूचना अशी आहे की पहिल्या दिवशी प्रत्येकाला फक्त एक तास द्यावा. त्या तासात तयार दृश्ये मुळीच दाखवू नयेत. एक रिकामी खोली, एक पायरी आणि एक आवाज, एवढेच द्यावे. त्यानंतर कपाटाला खुशाल कुलूप लावावे.

ध्वनिमुद्रक

सर, आवाजांची वही हा आपल्या आखणीतला सर्वांत मोलाचा भाग आहे, पण नुसत्या वहीने भागणार नाही. उसना मायक्रोफोन चार कॅप्सूलांचा, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या चार छोट्या ध्वनिग्राहकांचा असावा, असे गृहीत धरतो. चहूबाजूंचा आवाज दिशेसकट मुद्रित करण्याच्या या पद्धतीला अँबिसॉनिक्स म्हणतात आणि तिचा पाया मायकेल गेर्झन यांनी १९७० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये घातला. तिच्या पहिल्या पायरीत चार वाहिन्या असतात: एकीत सगळ्या दिशांचा एकत्र आवाज आणि उरलेल्या तिघींत पुढे-मागे, डावे-उजवे आणि वर-खाली यांतला फरक. तेवढ्या माहितीवरून प्रेक्षकाने मान वळवल्याबरोबर सगळे ध्वनिविश्व उलट दिशेने फिरवता येते आणि घंटा देवळातच राहते, कानाबरोबर फिरत नाही.

घाटावर मी अनेकदा ध्वनिमुद्रण केले आहे, त्यावरून दोन-तीन गोष्टी सांगतो. मायक्रोफोन उभ्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा की बसलेल्याच्या, हे आधी ठरवा; पायरीवर बसलेल्या माणसाला पाणी मोठे ऐकू येते आणि उभ्याला पूल मोठा ऐकू येतो. अहिल्यादेवी होळकर पुलावरची वाहतूक एकदा सुरू झाली की तिच्याखाली सगळे बारीक आवाज बुडतात, म्हणून पहाटे पाचच्या आधी पोचा. वाऱ्यासाठी केसाळ आच्छादन लागतेच, साध्या स्पंजने भागत नाही. आणि प्रत्येक जागेचा किमान पाच मिनिटांचा ‘काहीही घडत नाही’ असा आवाज घ्या. जोडकामात तोच सर्वाधिक उपयोगी पडतो, आणि खरे म्हणजे जागा तिथेच सापडते.

तांबट आळीचे ध्वनिमुद्रण दगडी घाटापेक्षा अवघड आहे. हातोडीचा ठोका क्षणार्धात उंची गाठतो, पातळी थोडी जरी वर असली तरी आवाज फाटतो. पातळी नेहमीपेक्षा बरीच खाली ठेवा.

कान-नाक-घसा

मी नाशिकमध्येच वैद्यकीय व्यवसाय करतो. हेडसेट लावल्यावर मळमळ आणि भोवळ का येते, याबद्दल विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यातच सांगितले पाहिजे, कारण तो केवळ वैद्यकीय नसून रचनेचा प्रश्न आहे.

आपल्या आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि गती ओळखणारी दोन लहान इंद्रिये असतात. डोळे सांगतात की आपण उडत आहोत आणि कान सांगतो की आपण खुर्चीवर बसलो आहोत. या विसंवादातून बोटीवर किंवा घाटरस्त्यात होते तशीच मळमळ होते. त्यामुळे वर ज्या पाच उडणाऱ्या कलाकृतींचा उल्लेख आला आहे, त्या पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्रास झाला असणार, असे मला वाटते. प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या पायांनी चालू द्यावे, कॅमेऱ्याने त्याला ओढू नये. क्षितिज स्थिर ठेवावे. मान वळणे आणि चित्र वळणे यांतील विलंब वीस मिलिसेकंदांच्या आत असावा, असे या क्षेत्रात मानले जाते. पहिल्यांदा हेडसेट लावणाऱ्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये आणि अपस्मार, अर्धशिशी किंवा भोवळीचा त्रास आहे का, हे आधी विचारावे. आजींसारख्या वयस्कर प्रेक्षकांना खुर्ची द्यावी. हेडसेट काढल्यावर लगेच जिना उतरू देऊ नये.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्याला एकदा जोराची मळमळ झाली, तो पुन्हा हेडसेट लावायला तयार होत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसाचा तास फार जपून आखावा.

लेणीप्रेमी

घाटाबरोबर पांडवलेण्यांचाही विचार व्हावा. चोवीस लेण्यांचा हा समूह गावापासून अगदी जवळ आहे आणि पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक असल्यामुळे माध्यमकलेच्या विद्यार्थ्यांना तेथे नेण्यास आणखी एक कारण आहे.

भारतात याला आधार आहे. जेफ्री शॉ आणि सारा केंडरडाइन यांनी २००६ मध्ये ‘प्लेस-हंपी’ ही कलाकृती केली, तिच्यात प्रेक्षक गोलाकार पडद्याच्या मध्ये उभा राहून विजयनगरच्या अवशेषांमधून फिरतो. पुढे केंडरडाइन यांनी चीनमधील दुन्हुआंगच्या क्रमांक २२० च्या लेण्यावर तसेच काम केले. तेथील भित्तिचित्रांना पर्यटकांच्या श्वासातील ओलाव्यानेही धोका पोचतो, त्यामुळे लेणे बंद ठेवूनही ते दाखवता येणे हा त्या कामाचा एक हेतू होता.

नाशिकच्या लेण्यांत रंगीत चित्रे नाहीत, आपल्याकडची संपत्ती कोरीव अक्षरांची आहे. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला, प्राकृत भाषेतला आणि ब्राह्मी लिपीतला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्याविषयी एका आईने कोरवून घेतलेला हा मजकूर आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे ती त्यात म्हणते. पर्यटक त्याच्यासमोरून निघून जातात, कारण भर दुपारच्या सपाट उजेडात अक्षरे दिसतच नाहीत. सकाळी तिरपा प्रकाश आला की ती भिंतीतून वर येतात.

यासाठी एक तंत्र आहे. कॅमेरा एकाच जागी ठेवून दिवा वेगवेगळ्या कोनांतून धरायचा, प्रत्येक कोनाचे छायाचित्र घ्यायचे आणि ती सर्व संगणकावर एकत्र करायची. मग पाहणारा पडद्यावर स्वतःच्या हाताने प्रकाश फिरवू शकतो. टॉम मालझबेंडर यांनी २००१ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतून ही पद्धत मांडली. हेडसेट लावलेल्या प्रेक्षकाच्या हातात एक पणती आहे, ती तो भिंतीजवळ नेतो आणि जेथे प्रकाश पडतो तेथील ओळ प्राकृतात वाचलेली ऐकू येते, अशी कलाकृती मला पाहायची आहे. त्यासाठी उडावे लागत नाही आणि डॉक्टरसाहेबांच्या सर्व अटी पाळल्या जातात.

मात्र लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तिकाटणे (ट्रायपॉड) लावून चित्रण करण्यासाठी लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ जातो, त्यामुळे विद्यापीठाचा अर्ज वर्ग सुरू होण्याच्या पुष्कळ आधी जायला हवा. ड्रोनचा विचार तर करूच नये. एका बाजूला देवळालीची लष्करी छावणी आणि दुसऱ्या बाजूला ओझरचा विमानतळ असल्यामुळे हवाई निर्बंधांचा नकाशा पाहिल्याशिवाय या भागात काहीही उडवणे योग्य नाही.

सातपूरकर

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी व्हीआरची, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी दृश्यांची कामे करतो. ‘पहिल्या तुकडीतली’ यांचे म्हणणे मला पटले, आणि त्यात तंत्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

हेडसेट सेकंदाला ७२ चित्रे दाखवत असेल, तर प्रत्येक चित्रासाठी १३.९ मिलिसेकंद मिळतात. ९० चित्रांना ११.१. तेवढ्या वेळात दोन्ही डोळ्यांसाठी दृश्य तयार झाले नाही, तर चित्र अडखळते आणि डॉक्टरांनी सांगितलेला त्रास सुरू होतो. छायाचित्रांवरून त्रिमिती आकार बनवण्याच्या पद्धतीने, म्हणजे फोटोग्रामेट्रीने, पायऱ्यांचा किंवा लेण्याचा नमुना केला तर ज्या लहान त्रिकोणांनी तो बनतो, ते सहज कोट्यवधी होतात. संगणकाला न जोडलेल्या हेडसेटला काही लाखांच्या वर झेपत नाहीत. हे त्रिकोण कमी करून बारकावे प्रतिमेत उतरवणे, हे काम शिकायला दोन आठवडे लागतात. ते पाचव्या आठवड्यात सुरू झाले तर कोणताही गट तयार डोंगर उतरवून घेणार, त्याला पर्याय नसतो. गेल्या वर्षी पाच गट उडाले, यात मुलांच्या कल्पनेचा दोष जेवढा असेल, त्याहून वेळापत्रकाचा दोष मोठा होता, असे माझे मत आहे.

म्हणून घाटावरचे दहा दिवस ठेवा, पण त्याच दिवसांत दुपारी, उन्हाच्या वेळी, ब्लेंडर आणि मेशरूम ही त्रिमिती कामाची सॉफ्टवेअर शिकवा. दोन्ही मोफत आहेत आणि हेडसेटशिवाय चालतात. छायाचित्रे घेताना प्रत्येक चित्राचा ६० ते ८० टक्के भाग आधीच्या चित्राशी जुळला पाहिजे, फ्लॅश वापरू नये आणि पाण्याचे किंवा ओल्या चकाकत्या दगडाचे त्रिमिती मापन जमत नाही, हे आधीच समजावे. पाणी हाताने करावे लागते. त्यासाठीच ते पाहावे लागते.

हेडसेट उन्हात उघडा ठेवू नका, भिंगातून आलेल्या किरणांनी आतला पडदा जळतो. आमचा एक असाच गेला.

पालकांचा रोजगाराविषयीचा प्रश्न येथे अजून कोणी विचारलेला नाही, पण तो येणारच. माझ्या कामात मला जी माणसे मिळत नाहीत ती सॉफ्टवेअर जाणणारी नव्हेत, ती भरपूर आहेत. माणूस यंत्रापाशी उभा कसा राहतो, हात कोठे नेतो, आवाजावरून बिघाड कसा ओळखतो, हे पाहून लिहून काढणारी माणसे मिळत नाहीत. घाटावर तीन वेळा बसलेला विद्यार्थी मला चालेल.

विंगेतून

मी नाटकांची प्रकाशयोजना करतो. कालिदास कलामंदिरात आणि सायखेडकर नाट्यगृहात पुष्कळ वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

या कलेत विंग नाही, ही तिची सर्वांत मोठी अडचण आहे. रंगमंचावर मी प्रकाश मंद करून प्रेक्षकाची नजर एका कोपऱ्यात नेऊ शकतो, कारण तो एकाच दिशेला बसलेला असतो. चहूबाजूंनी दृश्य असताना तो नेमका मुख्य घटनेकडे पाठ करून पाय पाहत राहू शकतो. तेव्हा आधी आवाज, मग हालचाल आणि शेवटी प्रकाश, या क्रमाने लक्ष वळवावे लागते. कीर्तन ऐकताना मागे टाळ वाजला की माणसे मान वळवतात, त्यासाठी कोणी सांगावे लागत नाही. विद्यार्थ्यांना एक तालीम द्या: एकाला वर्गाच्या मध्यभागी उभे करा, इतरांनी चारही बाजूंनी न बोलता त्याचे लक्ष ठरलेल्या क्रमाने फिरवायचे. याला एकही यंत्र लागत नाही.

दुसरा मुद्दा प्रदर्शनाचा आहे. एका प्रेक्षकाला सात मिनिटे आणि हेडसेट लावणे, काढणे, पुसणे यांना तीन मिनिटे धरली, तर एका हेडसेटवर तासाला सहा माणसे होतात. पाच हेडसेटवर तीस, चार तासांत १२०. तेवढ्यात सात कलाकृती, म्हणजे एकेकीला सरासरी सतराच माणसे मिळणार. बाकीचे रांगेत उभे राहून समोरच्याची हालणारी मान पाहत राहणार. याउलट तीन प्रोजेक्टर लावलेल्या खोलीत एका वेळी पंधरा माणसे शेजारी-शेजारी उभी राहतात आणि एकमेकांशी बोलतात. महादेव पटवर्धन यांनी १८९२ मध्ये कल्याणला ‘शांबरिक खरोलिका’, म्हणजे जादूच्या कंदिलाने पडद्यावर चित्रे पाडण्याचा खेळ, दाखवली तेव्हाही प्रेक्षक अंधारात एकत्रच बसले होते. किमान तीन गटांनी खोलीसाठी काम करावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या गावात जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या भिंती अजून शिल्लक आहेत.

शब्दकोशी

‘इमर्सिव्ह’ला ‘अवगाही’ म्हणता येईल. अवगाहन म्हणजे पाण्यात उतरून केलेले स्नान, आणि एखाद्या विषयात खोल शिरणे हाही त्याचा अर्थ मराठीत रूढ आहे. रामकुंडाच्या गावात हा शब्द वापरायला परका वाटू नये.

गोदाकाठ

‘अवगाही’ शब्द मनापासून आवडला, विद्यापीठाच्या पत्रकात तो घालण्याचा प्रयत्न करतो. या शब्दामुळे शार्लट डेव्हिस यांच्या ‘ऑस्मोस’ या १९९५ मधील कलाकृतीची आठवण झाली. डेव्हिस स्वतः पाण्याखाली डुबकी मारणाऱ्या, आणि त्या अनुभवावरून त्यांनी प्रेक्षकाच्या छातीला पट्टा बांधून श्वासावर सगळी हालचाल आधारली: श्वास घेतला की वर जायचे, सोडला की खाली, आणि शरीर कलले की दिशा बदलायची. तेथेही माणूस तरंगतो, पण त्याला कोणी ओढत नाही, तो स्वतःच्या श्वासाने तरंगतो. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेला फरक मला या उदाहरणातून नीट कळला, आणि ‘उडू नये’ असा सरसकट नियम मी करणार होतो तो मागे घेतो.

‘पहिल्या तुकडीतली’ यांचा मुद्दा मी मान्य करतो. मी दहा दिवसांच्या बंदीवर अडून बसलो होतो, कारण मला गेल्या वर्षीच्या पहिल्या सकाळची भीती वाटते. पण प्रश्न मनात असल्याशिवाय पाहणे होत नाही, हे तू लिहिलेस ते शिक्षक म्हणून मला आधी सुचायला हवे होते. रिकामी खोली, एक पायरी आणि एक आवाज हा पहिला तास तसाच ठेवू. तो तास तूच घ्यावास, अशी माझी इच्छा आहे.

सातपूरकर, दुपारच्या सत्राची सूचना स्वीकारली. मात्र दोन आठवड्यांचे काम दहा दुपारींत बसवणे अवघड आहे, त्यामुळे कलाशाखेच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांची जोडी पहिल्याच दिवशी लावावी लागेल. फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणून त्यांचे एक काम विद्यार्थ्यांना सांगायचे ठरवले आहे. चित्रपटाला भांडवल मिळवण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत चित्रित केली होती. कॅमेरा हाताशी होता, तरी रोप वाढेपर्यंत थांबावे लागले.

तांबटआळी

मी आळीतच राहतो, आमचे घर तीन पिढ्या मठारकामात आहे. डोळे बांधून मुले आळीतून चालणार असतील, तर कृपया आधी येऊन भेटा. रस्त्यावर पत्र्याचे तुकडे असतात, दुचाकी असतात, भट्टीही असते. एका वेळी दोघेच आणा आणि प्रत्येकाबरोबर एक डोळस माणूस ठेवा.

आणखी एक सांगायचे आहे. आमच्याकडे कॅमेरे घेऊन पुष्कळ जण येतात, आम्ही काम थांबवून दाखवतो, मग त्या चित्रणाचे काय झाले हे आम्हांला कधी कळत नाही. आपण जे कराल ते विद्यापीठात लावण्याआधी आमच्या आळीत दाखवा. ठोका चुकीचा असेल तर आम्ही सांगू. घागरीच्या बुडाचा ठोका आणि गळ्याचा ठोका वेगळा वाजतो, आणि कारागीर डोळे मिटूनही सांगू शकतो की पत्रा किती पातळ झाला आहे.

ध्वनिमुद्रक

दादा, हेच ऐकायचे होते. बुडाचा आणि गळ्याचा ठोका शेजारी-शेजारी मुद्रित करायला मी स्वतः येईन.

गोदाकाठ

तांबटआळी, आपली अट मी वर्गाचा नियम म्हणून लिहून घेतली आहे. ज्यांची जागा, आवाज किंवा चेहरा कलाकृतीत आला आहे, त्यांना ती पाहायला मिळाल्याशिवाय ती प्रदर्शनात जाणार नाही. त्यासाठी पाचवा आठवडा पूर्ण मोकळा ठेवला आहे, म्हणजे दुरुस्तीला सहावा आठवडा हाती राहील. वेळापत्रकातून तंत्रावरची दोन व्याख्याने त्यासाठी काढावी लागली.

लेण्यांच्या परवानगीचा अर्ज या आठवड्यात देत आहे. परवानगी वेळेत न आल्यास शिलालेखाचा गट तिकाटणे न लावता फक्त आवाजावर काम करील आणि प्राकृत उच्चारांसाठी जाणकाराची मदत घेईल. घाटावर सिंहस्थाच्या तयारीची कामे चालू असल्यामुळे कोणत्या पायऱ्या मोकळ्या आहेत, हे आदल्या दिवशी जाऊन पाहावे लागेल. प्रदर्शनासाठी चार हेडसेटच्या आणि तीन खोलीच्या कलाकृती असा हिशेब धरला आहे.

पहिल्या दिवशी सकाळी साडेपाचला सर्वांनी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी जमायचे. पुराचे पाणी मारुतीच्या कोठपर्यंत आले यावरून नाशिककर पूर मोजतात, २०१६ आणि २०१९ मध्ये आपण सर्वांनी तसाच मोजला, त्यामुळे उंचीचा अंदाज घ्यायला विद्यार्थ्यांना त्याहून चांगली पट्टी मिळणार नाही.

पहिल्या तुकडीतली

सर, पहिला तास घेते. खोली तयार करायला घेतली आहे, पायरीची उंची मात्र अंदाजाने ठेवलेली नाही. काल टेप घेऊन रामकुंडावर गेले होते. एकाच रांगेतल्या पायऱ्या एकसारख्या नाहीत, काही झिजून मधे खोलगट झाल्या आहेत, त्यामुळे कोणती घ्यायची हा प्रश्न पडला. शेवटी लोक सर्वाधिक ज्या पायरीवरून पाण्यात उतरत होते, ती घेतली. तासभर बसून पाण्यावरची फुले कोणीकडे जातात तेही वहीत काढून आणले आहे. पाण्याचे काम नव्याने करत आहे, झाल्यावर आजींना पंचवटीत जाऊन दाखवीन. खुर्ची बरोबर नेईन, डॉक्टरसाहेब.